एका अक्षराचा नकार

पाण्याच्या पाळीचा दिवस होता, म्हणून फोर्तुनातो उजाडताच पायऱ्यांच्या शेतावर आला होता. खालच्या दोन पायऱ्या भिजून काळ्या झाल्या होत्या. तिसरी, सगळ्यांत वरची, तिचं नाव विल्कापाता. तिच्या दाराशी तो फावडं टेकून उभा राहिला. वालासारख्या बाकल्याची रोपं वीतभर झाली होती. पानांच्या कडा दोन दिवसांपासून आत वळत होत्या, थंडीत माणूस बोटं मुठीत घेतो तशा.

पावसाचे दिवस लागून नोव्हेंबर निम्मा सरला तरी डोंगरावर ढग नव्हता. पाट होता म्हणून शेतं होती.

पाटाच्या बांधावरून मेल्कियादेस येताना दिसला. गळ्यात किल्ली. औंदा पाटाला लोखंडी दारं बसली होती आणि दारांना कुलपं आली होती, किल्ली पाटकऱ्याकडे. मेल्कियादेस फोर्तुनातोच्या लेकीचा, देइसीचा, धर्मबाप, म्हणजे पाद्रीनो. तिच्या बाप्तिस्म्यात त्यानंच तिला हातांवर धरलं होतं. त्यामुळे दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत.

"उघड की कोंपाद्रे," फोर्तुनातो म्हणाला. "फावडं तापायला लागलं हातात."

मेल्कियादेसनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "विल्कापाता यादीत न्हाई."

"कुठल्या यादीत?"

"नव्या. काल पानी संघाच्या भिंतीवर लावली. दोनच पायऱ्या हायेत तुज्या नावावर. मोजनीवाला आला तवा ही रिकामी होती म्हनं. पडीक लिव्हली."

"आरं, पडीक कुठली? गेल्या साली इसाव्याला टाकली होती. तूच बघितलीस की मेंढरं बसवताना."

"मी बघून काय हुतंय? यादी कुठं बघती?" त्यानं किल्ली अंगरख्यात टाकली. त्याला फोर्तुनातोच्या डोळ्याला डोळा देववेना. "लेखी अर्ज कर. तालुक्याला. लेखी बगैर मला कुलपाला हात लावता येत न्हाई. पुढची पाळी वीस दिसांनी हाय, तवर कर."

पाणी फोर्तुनातोच्या पायांशेजारून खळखळत पुढच्याच्या शेतात गेलं.

घरी त्याची बायको सातुर्नीना चुलीपुढं मका भाजत होती. तिनं सगळं ऐकलं आणि मक्याचे फुटाणे सुपात ओतत म्हणाली, "लेखी व्हय? मग रडतोस कशाला? घरात पोरगी शिकतीया का मेंढरं राखतीया?"

देइसी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. गणितात वर्गात पहिली. मार्चमध्ये आरेकिपा शहरात जाऊन परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. फोर्तुनातो स्वतः तिसरीपर्यंत गेलेला; अक्षराला अक्षर लावून वाचायचा, पण एक ओळ वाचेस्तोवर वरचा भाग विसरायचा. लेकीची बोटं फोनवर चालायची तेव्हा तो कौतुकानं बघत राही. दोन अंगठे, आणि भिंतीवर गारा पडाव्यात तसा टकटक आवाज.

"सांग ताता, काय लिहू?" तिनं चौकटीचं पान फाडून घेतलं.

"लिही... माननीय अध्यक्षसाहेब, आपल्यापुढं रीतसर हजर हुन, जो मान राखायचा तो राखून सांगतो की..."

"एवढं कशाला? मुद्दा सांग."

"मुद्दा त्योच. जमीन पडीक न्हाई. इसाव्याला होती. आता बाकला हाय."

तिचा फोन दोनदा वाजला. तिनं एकदा उत्तर दिलं, एकदा दिलं नाही, आणि मका खाऊन व्हायच्या आत अर्ज लिहून झाला. अर्ध्या पानाचा. फोर्तुनातोनं तो उजेडात धरला. ओळी सरळ होत्या, अक्षर टपोरं होतं. खाली त्यानं सही केली. त्याची सही म्हणजे नांगराचं चित्र वाटावं असं एक वळण.

"लई थोडक्यात झालं," तो म्हणाला.

"साहेबाला वेळ नसतो, ताता."

तेही खरं असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वडापच्या गाडीत बटाट्याच्या पोत्यावर बसून तो तालुक्याला गेला. पाणी कार्यालयात रांग होती. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि अर्ज टोपीत ठेवला. दोन तासांनी नंबर आला. मेजामागं एक तरुण कारकून होता, केस ओले करून चापून बसवलेले.

कारकुनानं पान उलटं धरलं, सुलटं धरलं. "हे काय? फुली?"

"कुठं साहेब?"

"इथं. फुली आणि पुढं शेपटीवाला क्यू. अर्ज आहे की गणित?" तो मोठ्यानं वाचू लागला, अक्षरं चावत, अडखळत. प्रत्येक अडखळण्यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "वाचून दाखव रे, बरं वाटतंय." पुन्हा हसू. "ही फुली आणि क्यू म्हणजे ‘कारण’ असावं," कारकून म्हणाला. "हे ‘सुद्धा’ असेल. स्वल्पविराम नाही, टिंब नाही. कोणी लिहिलं?"

फोर्तुनातोचे कान गरम झाले. "लेकीनं. लई हुशार हाय ती. गणितात पहिली."

"दिसतंय."

कारकुनानं पुढचं मनातल्या मनात वाचलं, संगणकात भराभर काही टिपलं, शिक्का मारला आणि नंबराचा चिटोरा दिला. फोर्तुनातोनं तो दोन्ही हातांनी घेतला. बाहेर आल्यावर त्यानं वडापच्या थांब्यावर कढत सूप घेतलं. ते गार होईस्तोवर तो वाटीकडे बघत बसला.

घरी आल्यावर देइसीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"शिक्का मारला," तो म्हणाला. "अक्षर चांगलं हाय म्हनाले."

अकराव्या दिवशी मेल्कियादेस घरीच आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावर उभा. त्याच्या हातात तालुक्याहून आलेला कागद होता आणि त्याला टाचलेली अर्जाची प्रत. "कोंपाद्रे, हे असं का लिव्हलंस? तुला पानी नको होतं तर मला तोंडी सांगायचं."

देइसीनं कागद घेऊन वाचला. "अर्जदाराने स्वतःच्या सहीने कळवले आहे की सदर जमीन पडीक आहे. सबब पाळी देण्याचे कारण दिसत नाही. हरकत असल्यास संघाच्या सभेत मांडावी."

"मी असं कवा म्हनलं?" फोर्तुनातो उठून उभा राहिला. "मी न्हाई म्हनलं होतं! पडीक न्हाई!"

देइसी टाचलेली प्रत बघत होती. तिच्या मानेवरून लाली चढत कपाळापर्यंत गेली आणि मग सगळा चेहरा पांढरा पडला.

"लिहिलंय," ती म्हणाली. "नाही लिहिलंय. हे बघ, इथं एन आहे."

"एन म्हंजे?"

"‘नो’, म्हणजे ‘नाही’. आम्ही फोनवर नुसता एन लिहितो. त्याला तो डाग वाटला असेल. पुढच्या शब्दाला चिकटलाय."

मग सातुर्नीना म्हणाली, "‘नो’ दोन अक्षरांचा शब्द. त्यातलं बी एक वाचवलंस व्हय गं? कुनासाठी राखून ठिवलंस?"

मेल्कियादेसला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. देइसी कागद खाली ठेवून परसात गेली. मागून कोंबड्या पांगल्याचा आवाज आला.

"जास्त बोललीस," फोर्तुनातो बायकोला म्हणाला.

"मी बोलले. तू न्हाई बोललास, म्हनून तर असं झालं. कारकून हसला का न्हाई त्या दिवशी?"

"तुला कुनी सांगितलं?"

"तुज्या कानांनी. घरी आलास तवा लालच होते."

सभा पाच दिवसांवर होती, आणि बाकला पाच दिवस थांबायला तयार नव्हता. मग पाठीवरून पाणी सुरू झालं. झरा खाली, ओढ्याच्या कुशीत. तिथून विल्कापातापर्यंत एकशे चाळीस दगडी पायऱ्या. फोर्तुनातो पिवळा डबा पाठीला बांधायचा, दोरी कपाळावरून घ्यायचा. चौथ्या फेरीला दोरीनं कपाळाची सालं निघायची, सातव्या फेरीला गुडघ्यात सुया टोचायच्या. डब्याचं पाणी एका ओळीच्या निम्म्यालाही पुरत नसे. जमीन ते पिऊन पुन्हा तोंड उघडायची.

शाळेतून आली की देइसीही डबा घ्यायची. पहिल्या दिवशी तिनं फोन कमरेला खोचला होता. वाकताना तो पडला, काच तडकली. तिनं तो उचलून बांधावर ठेवला आणि परत झऱ्याकडे गेली. पाचव्या फेरीला ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "हात तसाच वळलाय, ताता. डोक्यात शब्द पूर्ण असतो. कागदावर येईस्तोवर अर्धा होतो. मी मुद्दाम नाही करत."

"मला ठावं हाय."

"कारकून हसला ना?"

फोर्तुनातोनं दोरी सारखी केली. "रांगेत म्हातारी मानसं होती. त्यांना सकाळपासून हसायला काय मिळालं नव्हतं."

ती हसली नाही. डबा पाठीवर घेऊन पुढं झाली. पाणी तिनं सांडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती भाषेच्या ओफेलियाबाईंकडे गेली. बाई शाळेच्या ओसरीवर वह्या तपासत बसल्या होत्या. फोर्तुनातो फाटकाशीच थांबला होता. बाईंनी हात करून त्यालाही बोलावलं, बसायला छोट्या वर्गाचं बाक दिलं. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

बाईंनी प्रत वाचली. त्यांना ती एका दमात वाचता आली. "वर्षभरात या फुलीवर मी किती वेळा लाल खूण केली, देइसी?"

"पुष्कळ वेळा, बाई."

"दर वेळी दोन गुण कापले. तू हसलीस, मी पुढची वही घेतली. दोन गुणांनी काय कळणार होतं? चूक माझीही आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मैत्रिणीला लिहितेस तेव्हा तिला तुझं तोंड माहीत असतं. तू अर्धं बोललीस तरी उरलेलं ती तिच्याकडचं घालते. कारकुनाकडं तुझं काय आहे? त्यानं जे घातलं ते त्याच्याकडचं होतं."

"तुम्ही लिहून द्या ना, बाई."

"मी लिहिला तर तो माझा अर्ज होईल. मला बाकल्यातलं काय कळतं? तुझ्या बापाला बोलू दे. तू काही गाळू नकोस, एवढंच कर."

दुपारी घरच्या अंगणात, मेंढीच्या कातड्यावर दोघे बसले. फोर्तुनातोनं टोपी काढून बाजूला ठेवली, जणू साहेब समोरच होता. मग तो बोलू लागला, आणि देइसीला आपला बाप असा बोलतो हे पहिल्यांदाच कळलं. सभेत म्हातारी माणसं बोलतात तसं. आधी नमस्कार, मग कोण आपण, कुणाचा लेक, कुठली जमीन, वर कुणाचा बांध, खाली कुणाचा. मग जमिनीला विसावा का दिला.

"हळू, ताता."

"हळूच हाय. लिही, सलग तीन सालं पीक दिल्यावर जमीन थकती, आनि आमच्या बापजाद्यांनी तिला एक साल झोपू दिलंय..."

"‘बापजाद्यांनी’ राहू दे का? लांब होतंय."

"थोरल्या मानसाशी अर्ध्या तोंडानं बोलतं का कुनी? ऱ्हाऊ दे."

तिनं लिहिलं. पहिल्या कागदावर तीन ठिकाणी हात घसरला. फुली आपोआप उमटली. तिनं दात ओठ खाऊन कागद चुरगाळला. दुसऱ्यावर एकदाच. सातुर्नीना चुरगाळलेले कागद चुलीत घालायला वेचत होती. "लाकडं वाचली आज," ती म्हणाली, पण या वेळी लेकीच्या डोक्यावर हात फिरवून गेली. तिसरा कागद ऊन भिंतीवरून उतरता उतरता पूर्ण झाला. फोर्तुनातोनं तो मागितला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्याला बराच वेळ लागला. देइसी हलली नाही.

"हितं मी हाय," तो शेवटी म्हणाला.

सभा रविवारी प्रार्थनेनंतर देवळाच्या अंगणात भरली. पुरुष भिंतीशी, बायका गवतावर, पोरंटोरं पायऱ्यांवर, मान खाली आणि फोन हातात. संघाचा अध्यक्ष सिप्रियानो, सत्तरीचा, दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकायची त्याला भीती होती.

देइसीनं उभं राहून नवा अर्ज वाचला. बापजाद्यांचं नाव आलं तेव्हा भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"अर्ज झकास हाय," सिप्रियानो म्हणाला. "पन पोरी, शिक्क्याचा कागद हा पयला. ह्यात तुज्या बापानं सही करून पडीक म्हटलंय. आज उलटं सांगतोय. मी कुठलं खरं धरू? उद्या कुनीबी येईल, आधी एक लिहील, मग पाळी हुकली की दुसरं लिहील."

फोर्तुनातो उठू लागला. देइसीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो कागद माझ्या बापानं नाही लिहिला. मी लिहिला," ती म्हणाली. "त्यानं मला नीट सांगितलं होतं. मीच शब्द खाल्ले. मुद्दा सांग म्हटलं त्याला, आणि घाईघाईत लिहून टाकलं. तिथं ‘नाही’ आहे, पण अर्धं आहे. दोष त्याचा नाही."

अंगणात कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "शाळेत हेच शिकिवत्यात का?" देइसी तशीच उभी राहिली.

सिप्रियानोनं पहिला कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "कुठं हाय ‘नाही’? मला तर माशीची घाण दिसती."

पायरीवरून त्याची नात, बारा-तेरा वर्षांची, उठली आणि आजोबाच्या खांद्यावरून डोकावली. "जमीन पडीक नाही," तिनं वाचलं. "कारण ती विसाव्याला होती. आता बाकला सुद्धा पेरला आहे. सरळ तर लिहिलंय, आजोबा."

"तुला ठावं होतं म्हनून वाचलंस. आत्ता सगळ्यांनी ऐकलंय."

"मग ज्यांनी ऐकलं नाही त्यांना विचारा."

सिप्रियानोनं दाढी खाजवली. देवळामागं चार पोरं चेंडू खेळत होती. मेल्कियादेस जाऊन त्यांना घेऊन आला. एकेकाला वेगळं उभं केलं, तोंडापुढं कागद धरला. घामेजलेल्या पहिल्यानं वाचलं, "जमीन पडीक नाही, कारण..." दुसऱ्यानं तेच. तिसऱ्यानं तेच, वर विचारलं, "यात काय अवघड आहे?" चौथ्यापर्यंत अंगण हसायला लागलं होतं. बायका टोप्यांआडून हसत होत्या, आणि सिप्रियानोही पोट धरून हसत होता.

"म्हंजे समद्या गावाला वाचता येतंय," तो डोळे पुसत म्हणाला, "फकस्त ज्यांच्या हातात शिक्का हाय त्यांना येत न्हाई." मग तो गंभीर झाला. "विल्कापाता यादीत घेतो. नवा कागद वर लाव, जुना त्याला टाच. आनि पोरी, आजच्या सभेची नोंद तू लिही. आमच्या चिटणिसाला डोळ्यांनी दगा दिलाय. पन पुरं लिही. हसलो ते बी लिही."

देइसी तिथंच बसून लिहायला लागली. सगळे मक्याची आंबवलेली चिचा प्यायला उठले तरी ती लिहीतच होती. फोर्तुनातोनं तिच्याजवळ पेला नेऊन ठेवला आणि तिच्या डोक्यावर ऊन येत होतं म्हणून तसाच बाजूला उभा राहिला.

पाळी बुधवारी आली. वरच्या कडेच्या चार ओळी तोवर गेल्या होत्या. उपटल्या तर मुळाशी माती नव्हती, धूळ होती. सातुर्नीनानं त्या मेंढरांना टाकल्या. उरलेल्या जगतील असं वाटत होतं.

विल्कापाताचं कुलूप काढून मेल्कियादेस वर मुख्य दाराशी गेला होता, देइसी त्याच्याबरोबर. शाळेला उशीर होईल म्हटलं तरी तिनं ऐकलं नव्हतं. फोर्तुनातो खाली विल्कापातात अनवाणी उभा होता, फावडं हातात, विजार गुडघ्यावर. खिशातला जुना बटणांचा फोन थरथरला. लेक त्याला कधी लिहीत नसे. त्याला वाचायला वेळ लागतो म्हणून शिट्टी घालायची.

त्यानं हात विजारीला पुसले, फावडं काखेत धरलं आणि एकेका अक्षरावर नख ठेवत वाचायला लागला. सगळी अक्षरं जागच्या जागी होती. स्वल्पविरामसुद्धा होता.

"ताता, मेल्कियादेस पाद्रीनोनं आत्ताच वरचं दार उघडलं आहे. पाणी पुष्कळ आहे आणि जोरात आहे..."

पायाला गार लागलं. त्यानं खाली बघितलं नाही.

"...म्हणून तू लगेच खालचं मातीचं दार उघड, नाहीतर बांध..."

पाणी घोट्यावर चढलं, फोनवर शिंतोडे उडाले. "आरं देवा," असं म्हणत फोर्तुनातोनं फोन टोपीत टाकला, टोपी डोक्यावर घातली आणि फावडं घेऊन धावला. दाराची माती त्यानं तीन घावांत फोडली. पाणी वळलं, पहिल्या ओळीत शिरलं, दुसरीत शिरलं, वाळलेल्या भेगांतून बुडबुडे वर आले. तो चिखलात गुडघाभर उभा होता, धापा टाकत, हसत.

वरून, बांधाच्या वळणावरून, देइसीचा आवाज आला. "ताता! वाचलं का?"

"निम्मंच झालंय!" तो ओरडला. "पानी आधी आलं! ऱ्हायलेलं घरी जाऊन वाचतो!"